सुट्या भागांतून जुन्या धाटणीचं चावीचं घड्याळ कसं जोडावं

आवडली ती केस (घड्याळाची बाहेरची डबी), आवडला तो डायल, आवडले ते काटे असं सगळं आधी गोळा केलं आणि मग त्यात बसणारं मशीन शोधायला निघालं, की निम्मे भाग परत करायची वेळ येते. सुरुवात उलट्या बाजूने करायची. मशीन आधी ठरवायचं, त्याची मापं कागदावर उतरवायची आणि तो कागद समोर ठेवूनच बाकीची खरेदी करायची. ठिकठिकाणचे भाग एकत्र आणले की घड्याळ अडतं ते बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाने, आणि एवढा फरक फोटोत कळत नाही.

इथे १९३०-४० च्या दशकांतल्या धाटणीचं घड्याळ धरलं आहे: पांढरा डायल, ठसठशीत आकडे, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी, निळे पोलादी काटे, फुगीर काच आणि कांद्याच्या आकाराची चावी.

मशीन

पहिल्या घड्याळासाठी युनिटास ६४९८ च्या घराण्यातलं मशीन घ्यावं. हे मुळात खिशातल्या घड्याळाचं स्विस मशीन. आता ते ईटीएच्या नावाने मिळतं. चीनच्या सीगलचं एसटी ३६२० त्याच आराखड्यावर बनतं आणि बरंच स्वस्त पडतं. हात बसेपर्यंत तेच वापरलेलं बरं. व्यास ३६.६ मिलिमीटर, जाडी ४.५ मिलिमीटर, १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते बारीक खडे). तारीख नाही, ऑटोमॅटिकचा रोटर नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी. भागही मोठे असल्याने साध्या भिंगातून सगळं नीट दिसतं.

याचाच भाऊ ६४९७. चावी तीनच्या बाजूला ठेवली तर ६४९७ मध्ये छोटा सेकंद नऊच्या जागी येतो आणि ६४९८ मध्ये सहाच्या. सीगलमध्ये एसटी ३६०० म्हणजे नऊवाला आणि एसटी ३६२० म्हणजे सहावाला. विकणारे पुष्कळदा ‘६४९७/६४९८’ असं एकत्रच लिहितात. केसच्या बाबतीत ते चालतं, कारण दोन्हींचं बाहेरचं माप एकच. डायलच्या बाबतीत मात्र मुळीच चालत नाही. सेकंदाचं भोक आणि डायलच्या मागचे पाय (डायल मशीनला धरणाऱ्या बारीक खुंट्या), दोन्हींच्या जागा वेगळ्या असतात.

ठोक्यांचा वेगही आधीच लिहून ठेवावा: ईटीए ६४९८-१ ताशी १८,००० ठोके, ६४९८-२ आणि सीगल ताशी २१,६००. पुढे वेळ लावताना हा आकडा लागतो.

घरात जुनी चावीची एचएमटी पडून असेल आणि तिच्यावरच काम करायचं असेल, तर डायल, काटे आणि दांडी (चावीपासून मशीनमध्ये जाणारी बारीक सळई) तिचीच ठेवावी; नवीन काच, नवीन पट्टा आणि फार तर केस एवढाच बदल करावा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं करायला सुरुवात केली. त्या मशीनना स्विस मापाचे काटे बसतील असं गृहीत धरू नये.

खरेदीचा कागद

६४९८ साठी कागदावर एवढं हवं:

काट्यांची भोकं: तास २.०० मिमी, मिनिट १.१५ मिमी, छोटा सेकंद ०.२७ मिमी.
दांडीचा आटा: १.२० मिमी. चावीच्या आतला आटाही तोच हवा.
केस: ६४९७/६४९८ साठीच बनवलेली, बाहेरून ४२ ते ४४ मिमी.
डायल: ६४९८ चे पाय असलेला. व्यास केसच्या आतल्या खाचेशी जुळवून.
दांड्या दोन. एक कापताना बिघडली तर काम अडत नाही.

काट्यांच्या मापात तडजोड नको. एक नेहमीचं उदाहरण घ्या. सीकोच्या एनएच ३५ मशीनच्या काट्यांची मापं १.५०, ०.९० आणि ०.२० मिमी. ईटीए २८२४ ची १.५०, ०.९० आणि ०.२५. तास आणि मिनिट काटे एकमेकांना छान बसतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ईटीएचा सेकंद काटा सीकोवर मात्र मिलिमीटरच्या पाच शतांशांनी सैल निघतो आणि हाताला झटका बसला की काचेखाली लोळायला लागतो. भोक थोडं लहान असेल तर निमुळत्या ब्रोचने (भोक मोठं करायच्या धारदार सळईने) मागच्या बाजूने हलकेच मोठं करता येतं. मोठं भोक लहान करण्याच्या फंदात पडू नये, काटा बदलावा.

काट्यांची लांबीही पाहावी. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेषांना टेकायला हवं आणि तास काट्याचं टोक आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत पोचायला हवं. हौशी जोडणीत सर्वांत जास्त खटकतात ते आखूड काटे. बाकी सगळं उत्तम असूनही घड्याळ उसनं वाटायला लागतं.

केस घेताना स्वतःचं मनगट मोजा. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी ५० मिमी असेल, तर पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत केसची लांबी त्यापेक्षा जास्त नको. नुसत्या व्यासावर जाऊ नये. आखूड कानांची ४३ मिमीची केस लांब कानांच्या ४१ मिमीच्या केसपेक्षा हातावर चांगली बसते. चावी शक्यतो केसबरोबरच घ्यावी, कारण केसच्या नळीवर चावी बरोबर बसणं हे आट्याइतकंच महत्त्वाचं आहे.

काच ॲक्रिलिकची. नीलम काच चरे पडू देत नाही हे खरं, पण ॲक्रिलिकच्या कडेला प्रकाश जसा वाकतो तसा तिथे वाकत नाही, आणि या धाटणीला तोच वाक हवा. बारीक चरे पॉलिशच्या पेस्टने पाच-दहा मिनिटांत निघतात. फुगीर काचेचा दुसरा फायदा असा की काट्यांना वर मोकळी जागा मिळते.

जुने काटे आणि जुने डायल

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सुंदर जुने काटे आणि डायल हाती लागतात. अंधारात चमकण्यासाठी लावलेला पिवळट-तपकिरी लेप त्यांच्यावर असेल तर सावध राहा. १९६० च्या दशकापर्यंत या लेपात सर्रास रेडियम असे. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड कधीच निकामी झालेलं असतं; रेडियम मात्र तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. असा लेप खरवडू नये, घासू नये, त्यावर ब्लोअर मारू नये. त्याची धूळ श्वासातून आत जाणं हाच खरा धोका. लेप सुटायला लागलेले काटे कितीही देखणे असले तरी जोडणीत घेऊ नयेत.

आणि डायलवर दुसऱ्या कंपनीचं नाव नको. रंगवलेले डायल आणि मिळतील ते भाग घालून नामांकित कंपनीचं ‘जुनं’ म्हणून विकलेलं घड्याळ जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. आपल्या शहराचं नाव अशा कारणासाठी घेतलं जावं हे वाईट आहे. डायल कोरा ठेवा किंवा स्वतःचं नाव घाला. घड्याळ कधी कुणाला दिलंत, तर मशीन कुठलं, केस कुठली, हे लिहिलेला कागद सोबत द्या.

काटे निळे करणं

निळा रंग दिलेले काटे विकत मिळतात, पण आच देऊन आणलेला निळा प्रकाशात फिरताना जवळजवळ काळा दिसतो आणि एका कोनात एकदम उजळतो. तो रंगाने येत नाही. काटा पोलादाचाच हवा. चुंबकाला चिकटला नाही तर पितळेचा आहे, त्याला हे होणार नाही. निकेलचा मुलामा असलेला काटाही चालत नाही.

आधी बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट पट्टीवर चिकटवून त्यावर काटा एकाच दिशेने घासायचा. चरे राहिले तर निळ्यात ते जास्तच उठून दिसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा आचेत पिवळा डाग होऊन बसतो.

पितळेच्या पातळ ताटलीत पितळेचा भुगा सपाट पसरा, त्यावर काटा ठेवा आणि खाली स्पिरिटचा दिवा. भुग्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. सुमारे २३० अंश सेल्सिअसला काटा गवती पिवळा होतो, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या जरा अलीकडे गडद निळा. जांभळ्यावरून निळ्यावर जायला काही क्षणच लागतात. निळा दिसायला लागताच काटा उचलून थंड लोखंडी ठोकळ्यावर ठेवायचा. आणखी थांबलात तर तो फिक्कट, राखाडी पडतो. मग पुन्हा घासून पहिल्यापासून. काट्याचं टोक बारीक असल्याने आधी तापतं, म्हणून टोकाकडचा भाग भुग्यात कमी दाबावा. तिन्ही काटे एकाच बैठकीत करावेत, नाहीतर छटा जुळत नाही.

हत्यारं

०.८ ते १.६ मिमीचे स्क्रू ड्रायव्हर, चुंबक न लागणारा चिमटा, भिंग, काटे बसवायचं हत्यार, ६४९८ साठीचा मशीन होल्डर, रबरी ब्लोअर, बोटांना रबरी टोप्या, रोडिको (धूळ टिपायचा चिकट लगदा), डिजिटल व्हर्नियर, बारीक कानस, पिन व्हाइस (दांडी धरायची छोटी मूठ), तार कापायचा पक्कड, झाकण उघडायचा पाना. नव्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं तेलाच्या दगडावर सरळ करून घ्यावं. घसरलेलं पातं मशीनवर कायमचा ओरखडा सोडतं. टेबलावर पांढरा कागद, पंखा बंद.

जोडणी

मशीन हातात आल्यावर काही उघडण्याआधी चावी पूर्ण द्या आणि दिवसभर चालू द्या. टायमिंग मशीन असेल किंवा फोनवरचं ॲप असेल तर त्यात लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी मशीनला द्यावा लागणारा आकडा) ४४ अंश ठेवा. पूर्ण चावीवर, डायलची बाजू वर असताना बॅलन्सचा (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका २७० ते ३०० अंशांचा हवा आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) १ मिलिसेकंदाच्या आत. झोका २२० च्या खाली असेल तर तेल सुकलंय किंवा घाण आहे; असं मशीन केसमध्ये घालू नये, परत करावं. दिवसाला काही मिनिटं पुढे धावत असेल तर आधी चुंबकाचा संशय घ्या. छोटं होकायंत्र बॅलन्सजवळ धरा. सुई थरथरली तर हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगला) चुंबक लागलाय. डीमॅग्नेटायझरमधून काढलं की हा दोष जातो.

दांडी काढताना चावी आत, म्हणजे चावी द्यायच्या स्थितीत ठेवा. पुलांच्या (चाकं वरून धरणाऱ्या पट्ट्यांच्या) म्हणजे मागच्या बाजूला दांडीजवळ तिचा लिव्हर धरणारा स्क्रू असतो, तो एक ते दीड फेराच सैल करायचा आणि दांडी हलकेच ओढायची. स्क्रू पूर्ण काढला तर लिव्हर डायलच्या बाजूला गळून पडतो. मग दांडी परत धरतच नाही, आणि लिव्हर जागेवर आणायला डायल उतरवून त्या बाजूची जुळणी खोलावी लागते. पहिल्यांदा जोडणाऱ्यांचं काम इथेच सर्वांत जास्त वेळा अडतं.

डायल बसवण्याआधी मशीनच्या कडेचे दोन स्क्रू सैल करा. तासाच्या चाकावर पातळ पितळी वॉशर ठेवा. तो विसरला तर चाक वर-खाली हलतं, तास काटा मागेपुढे होतो, कधी दातही सुटतात. डायल दोन्ही बाजूंनी सारखा खाली दाबा आणि कडेचे स्क्रू आवळा. सेकंदाच्या भोकात पिव्हट (काटा बसतो ते चाकाचं बारीक टोक) अगदी मधोमध दिसला पाहिजे. एका कडेला टेकत असेल तर पाय किंचित वाकलेत. चिमट्याने मुळाशी धरून सरळ करा, डायल ढकलून बसवू नका. पाय तुटला तर चिकट गोळ्यांवर डायल बसवता येतो, पण त्यांच्या जाडीने डायल वर उचलला जातो आणि काट्यांची पकड तेवढी कमी होते.

काटे बसवताना मशीन होल्डरमध्ये खालून आधार असावा. तास काटा बरोबर बाराला, डायलला समांतर, न टेकता जितका खाली जाईल तितका. मग मिनिट काटा, तोही बाराला. दाब सरळ वरून द्या. काटा जात नसेल तर जोर वाढवू नका, भोक मोजा. छोट्या सेकंदाच्या काट्याला फार जपायचं, कारण त्याचा पिव्हट म्हणजे चौथ्या चाकाचं लांबवलेलं टोक. वेडावाकडा दाब पडला तर पिव्हट वाकतो किंवा खालचं ज्वेल तडकतं. काटा रोडिकोच्या टोकावर उचलून पिव्हटवर ठेवा, सरळ आहे हे बाजूने पाहा आणि मगच दाबा.

आता चावी ओढून काटे बारा तास फिरवा आणि डोळा डायलच्या पातळीला ठेवून बघत राहा. ६४९८ मध्ये तास काटा दर बारा तासांनी सेकंदाच्या तबकडीवरून जातो. दोघांमध्ये फट नसेल तर घड्याळ साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास बंद पडतं आणि हलवलं की पुन्हा चालू लागतं. साधारण ६५ मिनिटांनी अडत असेल तर तास आणि मिनिट काटे एकमेकांना घासतायत, कारण ते तेवढ्याच अंतराने एकमेकांवर येतात. केसमध्ये घातल्यावरच बंद पडत असेल तर मिनिट काट्याचा मधला भाग काचेला टेकतोय. थोडक्यात, कुठल्या वेळी थांबलं ते लिहून ठेवा, दोष कुठे आहे ते तिथूनच कळतं.

दांडीची लांबी

मशीन केसमध्ये घाला, ते केसला धरणारे दोन्ही स्क्रू आवळा. अखंड दांडीवर चावी पूर्ण फिरवून बसवा, दांडी बाहेरून आत घालून लिव्हरचा स्क्रू आवळा आणि चावी आत दाबा. आता चावीचा खालचा काठ आणि केस यांच्यातली फट व्हर्नियरने मोजा. तेवढीच दांडी कापायची, पण एकदम नाही. मोजमापापेक्षा ०.५ मिमी कमी कापा, आट्याचं टोक कानशीने गोल करा, चावी लावून परत बघा आणि उरलेलं कानशीने कमी करत या. चावी केसला टेकता कामा नये, ०.१ ते ०.२ मिमी फट राहू द्या.

दांडी आखूड झाली तर चावी केसवर आधीच टेकते आणि दांडी जागेवर पूर्ण जात नाही. मग चावी देताना दात सुटल्याचा आवाज येतो, किंवा आत दाबलेल्या चावीनेही काटे फिरतात. फरक अगदी थोडा असेल तर चावी एक-दोन आटे उलटी फिरवून भागतं, नाहीतर दुसरी दांडी. सगळं जमलं याची खात्री झाल्यावरच आट्यावर हलक्या पकडीच्या थ्रेडलॉकरचा (आटा सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) सुईच्या टोकाएवढा थेंब लावा. जास्त झाला तर तो नळीत उतरून चावीच जाम करतो.

बंद करताना

काचेच्या आतल्या बाजूवर ब्लोअर मारा आणि भिंगातून तिरप्या उजेडात डायल बघा. धागा दिसला तर रोडिकोने टिपा. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या महिन्यांत दमट हवेत झाकण बंद केलं, तर ती ओल आतच राहते आणि एसीच्या खोलीत गेल्यावर काच आतून धुरकटते. त्या दिवसांत एसी अर्धा तास चालवून कोरड्या खोलीत बंद करा किंवा उघडी केस सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवा. हे घड्याळ हात धुताना चार थेंब सहन करेल. आंघोळ, पोहणं आणि भर पावसातली दुचाकी याला नाही.

वेळ लावायला घाई नको. दोन-तीन दिवस रोज ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या, फोनच्या वेळेशी फरक लिहा. डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत प्रत्येकी २४ तास ठेवून बघा. बॅलन्सच्या वर दोन छोटे हात दिसतात: एक वेग बदलतो, दुसऱ्याला हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरलेलं असतं. दुसऱ्याला हात लावला की बीट एरर बिघडतो, म्हणून आधी नीट ओळखा. वेगाचा हात अधिक चिन्हाकडे सरकवला की घड्याळ पुढे पळतं, उणेकडे सरकवला की मागे पडतं. अगदी किंचित सरकवायचा, एका दिवसाचा फरक बघायचा, मगच पुन्हा. तिन्ही स्थितींत मिळून दिवसाला १५ ते २० सेकंदांच्या आत आलं की थांबा आणि पट्टा चढवा. पट्टा साध्या कातड्याचा, केसच्या कानांमधल्या अंतराएवढाच रुंद. एक मिमी अरुंद पट्टा बारवर सरकत राहतो आणि कडा झिजवतो.